बॅक मारणारा चेनसॉ : डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्हच्या जागी बोल्ट बसवल्याचे एक प्रकरण

दापोली तालुक्यातील एका लाकूडतोड ठेकेदाराचा ७२ सीसीचा चेनसॉ २०२० च्या पावसाळ्यात माझ्याकडे तपासणीला आला, तेव्हा त्याच्याबरोबर आलेली तक्रार एका वाक्यात मावणारी होती : मशीन बॅक मारते. स्टार्टरची रस्सी ओढली की ती मध्येच उलटी खेचली जाते आणि हँडल हातातून हिसकले जाते. अशाच एका हिसक्यात एका कामगाराच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचा सांधा चांगलाच दुखावला होता आणि तो घरी बसला होता. तोवर स्टार्टरचा संपूर्ण संच बदलून झाला होता, रस्सी बदलून झाली होती आणि फ्लायव्हीलवरचे (इंजिनाच्या शाफ्टवरच्या जड चाकावरचे) पॉल, म्हणजे सायकलच्या फ्रीव्हीलमधल्या कुत्त्यांसारखे छोटे खटके, तेही नवे घातले होते. एवढा खर्च करूनही मशीन बॅक मारायचे थांबेना, म्हणून ठेकेदार ते मिळेल त्या किमतीला विकायच्या विचारात होता.

हे प्रकरण सविस्तर मांडावेसे वाटते, कारण ते सुरू झाले ते बिघाडामुळे नव्हे, तर एका दुरुस्तीमुळे. सिलिंडरवरचा एक लहानसा व्हॉल्व्ह काढून त्या जागी बोल्ट आवळला गेला. त्यामुळे मशीनची गेलेली ताकद लगेच परत आली आणि दुरुस्ती उत्तम झाली असे सर्वांनाच वाटले. तिचे परिणाम मात्र इतक्या आडवळणाने आणि इतक्या उशिरा समोर आले, की त्यांचा त्या बोल्टशी काही संबंध असेल हे कोणाच्या मनातही आले नाही.

काम आणि मशीन

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या आणि आंबा-फणसाची जुनी झाडे आडवी केली. रस्ते मोकळे करणे, घरांच्या छपरांवरची खोडे उतरवणे आणि बागा साफ करणे ही कामे पुढे कित्येक आठवडे चालली. ज्याच्याकडे चेनसॉ होता त्याला उसंत नव्हती.

पडलेले झाड कापणे आणि उभे झाड पाडणे यांत मोठा फरक आहे, आणि तो या प्रकरणात महत्त्वाचा ठरला. पडलेल्या खोडात ताण कोणत्या बाजूला आहे, बुंधा मुळांसकट परत उभा राहील का, फांदी सुटल्यावर कुठे जाईल, हे प्रत्येक कापाआधी पाहावे लागते. त्यासाठी मशीन बंद करून खाली ठेवावे लागते, पाचर ठोकावी लागते, दोरखंड लावावा लागतो आणि मग मशीन पुन्हा सुरू करावे लागते. त्यामुळे दिवसभरात रस्सी ओढण्याचे प्रसंग नेहमीच्या कामापेक्षा कितीतरी वाढतात, आणि संध्याकाळची ओढ सकाळच्या ओढीइतकी जोरकस नसते. त्यातच ठेकेदाराने मागणी वाढल्यामुळे नवी माणसे रोजंदारीवर घेतली होती. त्यांतील बहुतेकांचा हात लहान, ४०-५० सीसीच्या मशीनवर बसलेला होता.

या मशीनच्या सिलिंडरचा व्यास ५२ मिलिमीटर आणि स्ट्रोक ३४ मिलिमीटर. पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्रफळ सुमारे २१ चौरस सेंटीमीटर भरते. असे इंजिन सुस्थितीत असेल तर रस्सी ओढताना कॉम्प्रेशन गेजवर १५० पीएसआयच्या आसपास दाब मिळतो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण साडेदहा किलो. गुणाकार केला तर पिस्टन वरच्या टोकाला पोहोचतो तेव्हा त्याच्यावर २२० किलोंच्या आसपास भार असतो. हा सगळा भार थेट रस्सीवर येत नाही हे खरे, कारण वरच्या टोकाशी क्रँक, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फिरत्या गतीत बदलणारा शाफ्ट, जवळजवळ सरळ रेषेत असतो आणि मधल्या टप्प्यात फिरत्या फ्लायव्हीलची मदत मिळते. तरीही रस्सी ओढणाऱ्याला दर फेऱ्यात एकदा जी आडकाठी जाणवते ती याच भाराची असते, आणि ती ओलांडण्याइतका वेग हातात नसेल तर इंजिन तिथेच थबकते.

व्हॉल्व्ह काय करतो

डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह हा सिलिंडरच्या माथ्याजवळ आट्यांनी बसवलेला, बोटाच्या पेराएवढा भाग. वरची टोपी दाबली की आतली दांडी खाली सरकते आणि सिलिंडरमधील दाबाला बाहेर पडायला एक बारीक वाट मिळते. पिस्टन वर येत असताना काही मिश्रण त्या वाटेने निसटते, दाब कमी राहतो आणि रस्सी हलकी होते. इंजिनात पहिला स्फोट झाला की त्याचा दाब दांडीला वर ढकलतो आणि व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो. स्प्रिंग त्याला बंदच धरून ठेवते. म्हणून चोकवर इंजिनाने एकदा ‘फट्’ केले आणि ते बंद पडले, तर व्हॉल्व्ह तोवर मिटलेला असतो आणि पुढच्या ओढीआधी टोपी पुन्हा दाबावी लागते. नवख्या माणसाच्या हातून नेमकी हीच गोष्ट सुटते.

आपल्याकडे शेतावरचे हँडल मारून सुरू होणारे जुने डिझेल इंजिन ज्यांनी हाताळले आहे त्यांना डीकॉम्प्रेशन नवे नाही. कास्ट आयर्न इंजिनाच्या जुन्या बुलेटचे लिव्हरही त्यांना माहीत असते. पण त्या दोन्ही ठिकाणी लिव्हर माणूस धरतो, योग्य वेळी माणूसच सोडतो, आणि लिव्हर सोडेपर्यंत एग्झॉस्ट व्हॉल्व्ह उचललेला राहतो. चेनसॉमध्ये सोडण्याचे काम इंजिन स्वतः करते. ठेकेदाराचा एक जुना माणूस डिझेल इंजिनावर वाढलेला होता. तो रस्सी ओढत असताना दुसऱ्या कामगाराला वाकून टोपी दाबून धरायला सांगत असे. समजुतीचा हा लहानसा घोटाळा फार धोक्याचा आहे. मशीन सुरू होण्याच्या क्षणी दुसऱ्या माणसाचे डोके आणि हात बार-चेनच्या शेजारी येतात, आणि स्फोट झाल्यावरही टोपी दाबलेलीच राहिली तर जळता वायू व्हॉल्व्हच्या सीटवरून, म्हणजे तो मिटताना जिथे टेकतो त्या कडेवरून, जात राहतो.

बोल्ट कसा आला

माझ्याकडे येण्याच्या काही आठवडे आधी मशीनची पहिली तक्रार वेगळीच होती. ताकद कमी पडत होती, आयडलिंग स्थिर नव्हते, चालू असताना सिलिंडरच्या वरच्या भागातून चिरचिर असा आवाज येत होता आणि व्हॉल्व्हभोवतीचे फिन, म्हणजे सिलिंडर थंड ठेवणारे पातळ पट्टे, तेलकट काळे झाले होते. ही सर्व लक्षणे व्हॉल्व्ह नीट न मिटण्याची आहेत. तालुक्याच्या ठिकाणच्या एका दुरुस्तीच्या दुकानात ते ओळखलेही गेले. मात्र नवा व्हॉल्व्ह हाताशी नव्हता, कामाची घाई होती, म्हणून जुना काढून त्याच आट्यांचा बोल्ट वॉशरसह बसवून दिला गेला. गळती थांबली आणि ताकद परत आली. ठेकेदाराने मला सुरुवातीलाच बजावले होते : “बोल्ट टाकल्यापासून मशीनला दम आलाय, सर. तेवढ्याला हात लावू नका.”

त्यांचे निरीक्षण चुकीचे नव्हते. गळका व्हॉल्व्ह बंद झाला की ताकद परत येणारच. पण ती बोल्टमुळे आली नव्हती, गळती थांबल्यामुळे आली होती. सुस्थितीतल्या व्हॉल्व्हनेही ती तेवढीच आली असती. हे त्यांना तोंडी पटवण्यापेक्षा गेजवर दाखवणे सोपे गेले, ते पुढे येईलच.

जुना व्हॉल्व्ह त्यांनी टाकला नव्हता. तंबाखूच्या डबीत दोन जुन्या प्लगांबरोबर तो ठेवलेला होता. त्याच्या सीटवर काजळीचा कडक थर होता आणि एका बाजूला चंद्रकोरीसारखी चकचकीत रेघ होती. गरम वायू जिथून सतत निसटत होता तिथली काजळी घासून गेली होती, आणि तीच रेघ गळतीची जागा सांगत होती. इतकी काजळी का धरली याचे उत्तर पेट्रोलच्या कॅनमध्ये मिळाले. एका लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल, म्हणजे ५० ला १ हे प्रमाण या मशीनला पुरेसे होते, पण मजूर टू-टी ऑइल अंदाजाने ओतत होते आणि ‘जास्त तेल म्हणजे इंजिनाची जास्त काळजी’ या समजुतीने प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले होते. व्हॉल्व्ह उघडा असताना त्यातून बाहेर पडते ते न जळलेले, तेलमिश्रित पेट्रोल. दिवसातून अनेक वेळा सुरू होणाऱ्या मशीनमध्ये ते त्या बारीक वाटेत साचत जाते आणि इंजिन तापले की भाजून कडक होते.

तपासणी

बॅक मारणारे मशीन तपासायला घेताना ते आधी सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा, असे मी शिकणाऱ्या मुलांना नेहमी सांगतो. लक्षण पुन्हा दिसावे म्हणून स्वतःचा हात पणाला लावण्यात काही अर्थ नाही, कारण ठिणगी बंद ठेवूनही जवळजवळ सर्व काही कळू शकते.

स्विच बंद करून आणि स्पार्क प्लग काढून रस्सी ओढली, तेव्हा ती अगदी सुरळीत आली आणि सुरळीत परत गेली. म्हणजे स्टार्टरचा संच, त्याची स्प्रिंग आणि पॉल यांत दोष नव्हता, आणि त्यांच्यावर झालेला खर्च मूळ दुखण्यावर झालाच नव्हता. नंतर प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज लावले, थ्रॉटल पूर्ण उघडे धरले आणि काटा स्थिर होईपर्यंत रस्सी ओढली. बोल्ट असलेल्या अवस्थेत दाब १५० पीएसआयच्या थोडा वर मिळाला. इंजिन उत्तम होते. पिस्टनच्या माथ्यावर काजळी होती, पण कॉम्प्रेशन बेसुमार वाढावे इतकी नव्हती. ‘बोल्टमुळे कॉम्प्रेशन वाढले आणि म्हणून बॅक मारते’ हे सोपे स्पष्टीकरण इथेच बाद झाले. व्हॉल्व्ह मिटलेला असताना जे कॉम्प्रेशन असते तेच बोल्ट असतानाही होते. फरक एवढाच की, आता ते सुरू करतानाही पूर्णच होते.

मग इंजिन उलटे का फिरत होते? त्यासाठी ठिणगी कोणत्या क्षणी पडते ते पाहावे लागते.

टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या थोडे आधीच ठिणगी पडते, कारण मिश्रण पेट घेऊन दाब चढायला थोडा वेळ लागतो. समजा ठिणगी क्रँकच्या फेऱ्यातले २५ अंश आधी पडते. मिनिटाला ९,००० फेरे होत असतील तर हे २५ अंश पार करायला पिस्टनला अर्ध्या मिलिसेकंदाहूनही कमी वेळ लागतो. रस्सीने सुरू करताना चित्र अगदीच वेगळे असते. रस्सीच्या पुलीचा व्यास ६ सेंटीमीटर धरला तर परीघ सुमारे १९ सेंटीमीटर होतो. हात सेकंदाला दोन मीटर वेगाने ओढत असेल तर इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या किंचित वर फिरते आणि ते २५ अंश पार करायला साधारण साडेसहा मिलिसेकंद लागतात. थकलेला हात सेकंदाला एक मीटरनेच ओढत असेल तर फेरे निम्म्यावर येतात आणि वेळ १३ मिलिसेकंदांवर जातो. प्रत्यक्षात तो याहूनही जास्त असतो, कारण कॉम्प्रेशनच्या चढावर इंजिन आणखी मंदावते. एवढ्या अवधीत मिश्रण चांगले पेटून दाब चढतो, पिस्टन मात्र अजून वरच्या टोकाच्या अलीकडेच असतो, आणि स्फोट त्याला आल्या वाटेने खाली ढकलतो. क्रँक उलटा फिरतो, पॉल अजून पुलीत अडकलेले असतात, आणि रस्सी हातासकट आत ओढली जाते. जखमी कामगाराने केलेले वर्णन याच्याशी तंतोतंत जुळणारे होते : “ओढताना मधेच अडकल्यासारखी होते, आणि मग आतून कोणीतरी खेचतं.” अडकणे आधी आणि खेचणे नंतर, हा क्रम निदानाच्या दृष्टीने मोलाचा होता. स्टार्टर खराब असता तर नुसतेच अडकणे जाणवले असते.

डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्हचे खरे काम इथे कळते. तो रस्सी हलकी करतो, म्हणून त्याच हातात वेग जास्त येतो. शिवाय सिलिंडरमध्ये मिश्रण कमी आणि दाबही कमी राहतो, त्यामुळे पहिला स्फोट चुकून लवकर झालाच तरी तो सौम्य असतो. आजच्या बऱ्याच मशीनमध्ये इलेक्ट्रॉनिक कॉइल सुरू करतानाच्या मंद गतीत ठिणगी उशिरा पाडते, काहींत रस्सी आणि पुलीमध्ये झटका शोषणारी स्प्रिंगही असते. या मशीनमध्ये यांपैकी काहीच नव्हते. हात आणि इंजिन यांच्यामध्ये संरक्षण म्हणून जे काही होते ते त्या व्हॉल्व्हमध्ये होते, आणि तोच काढला गेला होता.

तरीही माझे समाधान झाले नव्हते. ठेकेदार स्वतः पन्नाशीचे असले तरी धडधाकट आहेत. ते जोमाने रस्सी ओढत आणि तरीही अलीकडे मशीन त्यांच्या हातालाही हिसके देऊ लागले होते. बोल्ट बसवल्यानंतर पहिल्या दिवसांत त्यांना असा अनुभव आला नव्हता. मंद ओढ हेच एकमेव कारण असते तर हिसके नवख्यांनाच बसले असते आणि ते दिवसेंदिवस वाढत गेले नसते.

चावी

सुदैवाने ठेकेदाराकडे त्याच मॉडेलचे दुसरे, कमी वापरलेले मशीन होते. दोन्ही मशीनच्या प्लगच्या भोकातून डायल गेज (बारीक अंतर मोजणारे काट्याचे मापक) लावले, पिस्टनचे वरचे टोक निश्चित केले, आणि फ्लायव्हीलवरच्या चुंबकाची कड ठिणगी पाडणाऱ्या कॉइलच्या पायाच्या कडेशी येते तेव्हा पिस्टन टोकापासून किती खाली असतो ते मोजले. ही काही ठिणगीच्या क्षणाची अचूक मोजणी नव्हे. पण एकाच मॉडेलच्या दोन मशीनची तुलना करायला ती पुरेशी आहे आणि तिला विशेष उपकरण लागत नाही. चांगल्या मशीनमध्ये हे अंतर २ मिलिमीटरच्या आसपास होते, तर तक्रार असलेल्या मशीनमध्ये ३ मिलिमीटरला टेकले होते. या स्ट्रोकच्या इंजिनात २ मिलिमीटर म्हणजे साधारण २५ अंश आणि ३ मिलिमीटर म्हणजे ३० अंशांच्या थोडे पुढे. याचा अर्थ ठिणगी पाच अंशांहून अधिक लवकर पडत होती.

फ्लायव्हीलचा नट सोडवताना तो अपेक्षेपेक्षा सहज सुटला. पुलर लावून फ्लायव्हील काढल्यावर क्रँकशाफ्टच्या टेपरवर, म्हणजे फ्लायव्हील बसते त्या निमुळत्या टोकावर, तपकिरी चट्टे दिसले. दोन पृष्ठभाग घट्ट बसलेले नसले आणि एकमेकांवर सूक्ष्म सरकत राहिले की असे चट्टे पडतात. फ्लायव्हील शाफ्टवर नेमक्या जागी बसावे म्हणून खाचेत जाणारा जो लहान उंचवटा असतो त्याला चावी म्हणतात. या मॉडेलमध्ये चावी वेगळी नसून फ्लायव्हीलच्या अ‍ॅल्युमिनियममध्येच ओतलेली असते. ती एका बाजूने चेपून अर्धी कातरली गेली होती. टेपरचा व्यास तिथे ११ मिलिमीटर होता, आणि एवढ्या व्यासावर अर्धा मिलिमीटर सरकणे म्हणजे पाच अंशांहून थोडे अधिक फिरणे होय. डायल गेजवर मिळालेला फरक आणि चावीवरची इजा यांचा मेळ बसला.

आता घटनांची साखळी उलगडली. बोल्ट बसवल्यानंतर नवख्या, थकलेल्या हातांना मशीनने अधूनमधून बॅक मारायला सुरुवात केली. त्यात पॉल तुटले. पॉल बदलताना फ्लायव्हील काढले गेले आणि परत बसवताना नट पुरेसा आवळला गेला नाही. इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे : फ्लायव्हीलला जागेवर धरून ठेवते ती टेपरची घट्ट पकड, चावी नव्हे. चावी फक्त बसवताना जागा दाखवते. नट सैल असेल तर सगळा भार त्या मऊ चावीवर येतो. मशीन बॅक मारते तेव्हा क्रँक एका क्षणात थांबून उलटा फिरतो, पण जड फ्लायव्हील आपल्या गतीने पुढेच जाऊ पाहते, आणि चावी कातरत क्रँकच्या पुढे सरकते. फ्लायव्हील पुढे सरकले म्हणजे चुंबक कॉइलपाशी आधी पोहोचतो आणि ठिणगी आणखी लवकर पडते. त्यामुळे पुढचा हिसका आधीच्याहून जोराचा बसतो आणि चावी आणखी थोडी कातरली जाते. ठेकेदारांच्या जोरकस हातालाही मशीन जुमानेनासे झाले ते या चढत्या क्रमामुळे.

दुरुस्ती

नवे फ्लायव्हील मागवावे लागले. जुन्या चावीच्या जागी काहीतरी ठोकून काम भागवण्याची सूचना आली होती, पण ती मी मान्य केली नाही. मिनिटाला हजारो फेरे फिरणाऱ्या आणि कामगाराच्या मांडीशेजारी असणाऱ्या भागात अशी तडजोड करू नये. टेपर बारीक एमरीने नव्हे, तर स्पिरिटने पुसून कोरडा आणि तेलविरहित केला. नट निर्मात्याने दिलेल्या टॉर्कवर टॉर्क रेंचने आवळला. कॉइल आणि चुंबक यांमधले अंतर ०.३ मिलिमीटर ठेवले. डायल गेजवर पुन्हा मोजल्यावर आकडा दुसऱ्या मशीनच्या आकड्याशी जुळला.

मग बोल्ट काढून नवा व्हॉल्व्ह बसवला. सिलिंडर अ‍ॅल्युमिनियमचा असल्यामुळे त्याचे आटे नाजूक असतात, म्हणून व्हॉल्व्ह आधी बोटांनी पूर्ण फिरवून घ्यावा आणि शेवटचे आवळणेच पान्याने करावे. नंतर ठेकेदारांना शेजारी उभे करून गेज पुन्हा लावले. व्हॉल्व्ह मिटलेला असताना दाब तेवढाच, दीडशेच्या थोडा वर मिळाला. टोपी दाबून ओढल्यावर काटा निम्म्याच्या आसपास रेंगाळला. बोल्टने दिलेला ‘दम’ व्हॉल्व्हने काढून घेतलेला नाही, हे त्यांनी स्वतः दोनदा ओढून पाहिले आणि त्यावर पुढे वाद उरला नाही. व्हॉल्व्हच्या बुडाशी साबणाचे पाणी लावून, प्लग बसवून आणि स्विच बंद ठेवून रस्सी ओढली. बुडबुडे आले नाहीत.

त्यानंतरच मशीन सुरू केले. टोपी दाबून केलेल्या ओढीत ते शांतपणे लागले. टोपी न दाबता, पण जोरकस ओढीनेही ते बॅक न मारता लागले, म्हणजे ठिणगीची वेळ जागेवर आली होती. टोपी न दाबता मुद्दाम मंद ओढून पाहण्याची चाचणी मी घेतली नाही. तिच्यातून नवे काही कळणार नव्हते.

हात

मशीन परत नेण्याआधी चालवणारी सर्व माणसे एकत्र आली होती, आणि त्या वेळी जे दिसले ते सुट्या भागांइतकेच महत्त्वाचे आहे. त्यांतील दोघे जण मशीन डाव्या हातात लटकवून, ते खाली सोडता सोडता उजव्या हाताने रस्सी ओढत होते. लहान मशीनवर लागलेली ही सवय मोठ्या मशीनवर तिहेरी नडते : मशीनला आधार नसल्यामुळे ओढीचा वेग मशीन हलण्यातच वाया जातो, बार कुठे फिरेल याचा भरवसा राहत नाही, आणि बॅक बसलाच तर पूर्ण वजन एका मनगटावर येते. जखमी कामगारही याच पद्धतीने मशीन सुरू करत असे आणि शिवाय रस्सीचा एक वेढा बोटांभोवती घेत असे. हँडल हिसकले गेले तेव्हा बोट सुटू शकले नाही ते त्यामुळेच.

त्यांना दाखवलेली रीत नवी नाही, ती प्रत्येक मशीनच्या पुस्तिकेत असते. चेन ब्रेक लावावा. मशीन सपाट जमिनीवर ठेवावे, बार कशालाही टेकलेला नसावा. मागच्या हँडलमध्ये उजव्या बुटाचे टोक घालावे, पुढचे हँडल डाव्या हाताने, कोपर सरळ ठेवून खाली दाबावे. व्हॉल्व्हची टोपी दाबावी. रस्सी आधी हळू ओढून पॉल अडकल्याचे जाणवू द्यावे आणि मगच एका दमात वेगाने ओढावे. रस्सी शेवटच्या टोकापर्यंत ताणू नये आणि हँडल तसेच सोडून न देता हातानेच परत जाऊ द्यावे. पायाखाली चिखल किंवा उतार असेल तर मागचे हँडल दोन्ही मांड्यांमध्ये घट्ट धरून सुरू करण्याची दुसरी रीत आहे. कोकणातल्या पावसात तीच जास्त वेळा कामी येते. हँडल बोटांच्या मधल्या पेरांत धरावे, मुठीत आवळू नये आणि रस्सी हाताला कधीही गुंडाळू नये. इंजिनाने एकदा ‘फट्’ केल्यानंतर चोक अर्धा करताना टोपीही पुन्हा दाबायची, हे त्यांच्याकडून एवढ्यांदा करवून घेतले की ते हाताला लागले. सर्वांत किडकिडीत मुलाने ते ७२ सीसीचे मशीन सहज सुरू केले, तेव्हा डिझेल इंजिनावर वाढलेल्या त्या जुन्या माणसाने टोपी धरायला कोणाला तरी वाकवण्याचा आग्रह सोडला.

बोल्टविषयी माझे मत

डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह ही बिघाडाला एक जास्तीची जागा आहे, अनुभवी माणसाला ती लागत नाही, बोल्ट टाकला की प्रश्न मिटतो, असे म्हणणारे कारागीर सगळीकडे भेटतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. ५० सीसीपर्यंतच्या बहुतेक मशीनला व्हॉल्व्ह नसतोच आणि त्यावाचून काही अडत नाही. ७० सीसीचे सुस्थितीतले मशीनही कसलेला माणूस टोपीला हात न लावता सुरू करतो. व्हॉल्व्ह गळतो की आणखी काही, हे ठरवण्यासाठी तपासणीपुरता बोल्ट बसवणे ही तर चांगलीच युक्ती आहे. पण मशीन एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते, दिवसभर सुरू-बंद होत राहते, पावसात आणि घाईत चालते, तिथे कसलेल्या माणसाच्या मापाने निर्णय घेणे योग्य नाही. त्या मशीनची रस्सी सर्वांत कमजोर आणि सर्वांत दमलेला हात केव्हा ना केव्हा ओढणारच असतो, आणि व्हॉल्व्ह त्याच्यासाठी असतो. तात्पुरता बोल्ट टाकावाच लागला तर दुकानदाराने तो तात्पुरता आहे हे सांगितले पाहिजे आणि मशीनवर तसे लिहूनही ठेवले पाहिजे. या प्रकरणात ते सांगितले गेले नव्हते, आणि गिऱ्हाईकाने विचारलेही नव्हते.

खर्चाचा हिशेब पाहिला तरी उत्तर तेच येते. नव्या व्हॉल्व्हची किंमत स्टार्टरच्या संचाच्या किमतीपुढे किरकोळ होती. संच, पॉल, रस्सी आणि शेवटी फ्लायव्हील एवढा खर्च एका बोल्टच्या मागोमाग आला, आणि कामगाराची बुडालेली मजुरी त्यात धरलेलीच नाही. ती ठेकेदारांनी नंतर दिली, हे नमूद करायला हवे.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले आणि ते मशीन पुन्हा झाडांवर लागले. काम ओसरल्यावर ठेकेदारांनी ते स्वतःहून तपासायला आणले. व्हॉल्व्ह काढून पाहिला तेव्हा दांडीवर पातळ, मऊ काजळी होती, ती पेट्रोलने आणि जुन्या टूथब्रशने निघाली, आणि सीटवर कुठेही ती चकचकीत रेघ नव्हती. पेट्रोलच्या कॅनला आता सुतळीने मापाची बाटली बांधलेली होती. फ्लायव्हील मात्र मी उघडले नाही. प्लगच्या भोकातून डायल गेज लावले, काटा दोन मिलिमीटरवर आला, आणि नट आहे तसाच राहू दिला.